नेटवर्क तपासणीसाठीचा लाइव्ह यूएसबी संच सहकाऱ्यांमध्ये कसा वाटावा?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील पतसंस्था, दवाखाने, शाळा आणि लहान कारखाने यांचे नेटवर्क सांभाळणारे आम्ही काही स्वतंत्र तंत्रज्ञ आहोत. प्रत्येकाचे काम वेगळे असले, तरी अडचण आली की एकमेकांच्या मदतीला जाणे नेहमीचेच आहे. अशा वेळी प्रत्येकाच्या पेनड्राइव्हवर वेगळी साधने, वेगळ्या आवृत्त्या आणि वेगळ्या स्क्रिप्ट निघतात, आणि एकाने केलेल्या तपासणीचा निष्कर्ष दुसऱ्याला ताडून पाहता येत नाही. म्हणून सर्वांकडे एकसारखा लाइव्ह यूएसबी (संगणकात काही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली) असावा, असे आमचे ठरले आहे.

एका सहकाऱ्याने काली लिनक्स या सुरक्षा-तपासणीच्या प्रणालीचा लाइव्ह पेनड्राइव्ह पर्सिस्टन्ससह (केलेले बदल पेनड्राइव्हवरच टिकवणारी सोय) फार चांगला लावलेला आहे. एनमॅप, वायरशार्क, टीसीपीडम्प, एआरपी-स्कॅन ही नेटवर्क तपासण्याची साधने, शिवाय स्विचच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेणाऱ्या त्याच्या स्वतःच्या स्क्रिप्ट, असे सगळे त्यात आहे. डीडी या आज्ञेने त्याच पेनड्राइव्हची जशीच्या तशी प्रत काढून ती सर्वांना द्यावी, असा प्रस्ताव आहे. हे योग्य होईल का? आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे शाहूवाडी किंवा जत तालुक्यातील एखाद्या शाखेत आम्हाला बोलावलेले असते तेच मुळी नेटवर्क बंद पडले म्हणून. त्यामुळे जागेवर जाऊन काही डाउनलोड करू, हा पर्याय आमच्यासाठी नाही.

सह्यकडा

जशीच्या तशी प्रत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण माध्यमातच आहे. २००० साली नॉपिक्स आले आणि २००६ मध्ये बॅकट्रॅक आले, तेव्हा लाइव्ह प्रणाली मुख्यतः सीडीवर फिरत असे. एकदा लिहिलेल्या सीडीत कुणाला काही मिळवता येत नसे, त्यामुळे ती कितीही हातांतून गेली तरी शेवटच्या माणसाला पहिल्या माणसासारखीच वस्तू मिळे. बॅकट्रॅकचा वारसा घेऊन २०१३ मध्ये काली आले तोवर पेनड्राइव्ह सर्रास झाले होते, आणि पर्सिस्टन्स असलेला पेनड्राइव्ह तर ज्याच्या हातात जाईल त्याच्या कामाच्या खुणा साठवत राहतो.

तुमच्या सहकाऱ्याच्या पेनड्राइव्हवरील पर्सिस्टन्सच्या विभाजनात काय काय असेल, ते एकदा उघडून पाहावे. नेटवर्क मॅनेजरच्या ‘सिस्टीम-कनेक्शन्स’ या फोल्डरमध्ये त्याने आजवर जोडलेल्या वायफायचे पासवर्ड बहुतेक वेळा साध्या अक्षरांत, फाइल उघडली की दिसतील असे पडलेले असतात. शेलच्या इतिहासात त्याने टंकलेली प्रत्येक आज्ञा असते, आणि घाईत एखादा पासवर्ड आज्ञेच्याच ओळीत दिलेला असेल तर तोही असतो. ब्राउझरने राउटरचे लॉगिन लक्षात ठेवलेले असते, वायरशार्कच्या फायलींत कुठल्या तरी पतसंस्थेच्या काउंटरवरची खरी वाहतूक असते, आणि त्याची एसएसएचची (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) खासगी किल्लीही तिथेच असते. डीडीने काढलेली प्रत म्हणजे हे सगळे त्या सर्व ग्राहकांच्या परवानगीवाचून वाटणे होय.

दुसरा दोष सहज दिसत नाही. पर्सिस्टन्समध्ये एसएसएच सर्व्हरच्या होस्ट-किल्ल्या आणि प्रणालीचा मशीन-आयडी एकदा तयार होऊन कायम राहिला असेल, तर सर्व प्रतींची ओळख एकच होते. मग ज्याच्या हाती एक प्रत आहे त्याला दुसऱ्या कोणत्याही प्रतीचे सोंग घेता येते.

वाटायची असेल ती पाककृती वाटावी, शिजलेले ताट नव्हे. कालीच्या चमूने स्वतःची आयएसओ (संपूर्ण प्रणाली सामावलेली एक फाइल) बनवण्यासाठी लाइव्ह-बिल्ड या साधनावर आधारलेली स्क्रिप्टची मांडणी उघडपणे उपलब्ध ठेवली आहे. तिच्यात कोणती पॅकेजे हवीत त्याची यादी एका साध्या मजकूर-फाइलीत लिहायची असते, आणि तुमच्या स्क्रिप्ट एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवल्या की त्या तयार प्रणालीत आपोआप जाऊन बसतात. ही यादी आणि स्क्रिप्ट गिटमध्ये (फायलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) ठेवाव्यात. कोणी काय बदलले ते प्रत्येकाला वाचता येईल, आणि स्वच्छ आयएसओ तयार करून तीच सर्वांना देता येईल.

दुहेरी_खूण

सह्यकडा यांच्याशी मी सहमत आहे. मात्र तयार आयएसओ हातात पडल्यावर ती खरी कशी ओळखायची, हे सांगणे राहून गेले आहे. केवळ चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) जुळला म्हणून निर्धास्त होऊ नये. २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा मागचा दरवाजा (गुपचूप प्रवेशाची वाट) घातलेल्या आयएसओकडे वळवण्यात आला होता. ज्याला दुवा बदलता येतो त्याला त्याच पानावरचा चेकसमही बदलता येतो. म्हणूनच चेकसमची फाइल आणि तिच्यावरची जीपीजी स्वाक्षरी (फाइल कोणाची आहे हे पटवणारी डिजिटल सही), दोन्ही तपासावीत, आणि स्वाक्षरी तपासण्याची सार्वजनिक किल्ली वेगळ्या मार्गाने मिळवलेली असावी. तुमच्या गटात ज्याच्याकडे आयएसओ तयार होईल त्याने तिच्यावर स्वतःची स्वाक्षरी करावी, आणि बाकीच्यांनी त्याच्या किल्लीची ओळखखूण समोरासमोर भेटून किंवा फोनवर वाचून ताडून घ्यावी. आपण एकमेकांना ओळखता, ही इथे फार मोठी सोय आहे.

पेनड्राइव्हवर लिहून झाल्यावरही एक तपासणी करता येते. आयएसओ जेवढ्या बाइटची असेल तेवढेच सुरुवातीचे बाइट पेनड्राइव्हवरून परत वाचून त्यांचा एसएचए-२५६ चेकसम काढला, तर तो मूळ फाइलीशी जुळला पाहिजे. पर्सिस्टन्सचे विभाजन जोडल्यावर मात्र विभाजन-तक्ता बदलतो आणि ही बेरीज जुळत नाही, म्हणून ती त्यापूर्वीच करावी.

आयएसओवर तयार झाल्याची तारीख ठळकपणे असावी, याबद्दल माझा आग्रह आहे. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या संकोचन-साधनात पेरलेला मागचा दरवाजा उघडकीस आणला. २६ ते २९ मार्च या दरम्यान ज्यांनी काली अद्ययावत केले होते, त्यांच्याकडे ते सदोष पॅकेज पोहोचले होते. अशी बातमी आल्यावर आपला संच कोणत्या दिवशीचा आहे हे तत्काळ सांगता आले पाहिजे, आणि हातोहात काढलेल्या प्रतींबद्दल ते कोणालाच सांगता येत नाही. तसेच २०२५ च्या एप्रिलमध्ये पॅकेजांच्या भांडाराच्या स्वाक्षरी-किल्लीवरील ताबा गेल्यामुळे कालीच्या चमूला नवी किल्ली आणावी लागली. जुनी किल्ली असलेल्या प्रणालीचे अद्यतन तेव्हापासून अडते, आणि नवी किल्ली हाताने घालावी लागते. कपाटात पडून राहिलेला पेनड्राइव्ह अद्यतन करताना स्वाक्षरीची चूक दाखवत असेल, तर तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा नव्याने लिहावा.

माणदेशी

वरील दोन्ही उत्तरे योग्यच आहेत, पण जागेवरच्या कामाचा विचार करता मला थोडी वेगळी रचना सुचवावीशी वाटते. एकाच प्रणालीवर अवलंबून राहू नये. व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक प्रणाली सुरू करणारे साधन) वापरल्यास पेनड्राइव्हच्या एक्सफॅट विभाजनावर आयएसओ फायली नुसत्या ठेवायच्या असतात. काली, साधी डेबियन लाइव्ह, सिस्टीमरेस्क्यू, क्लोनझिला आणि मेमटेस्ट एकाच ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात राहतात. अर्ध्या वेळा दोष नेटवर्कचा नसून एखाद्या मरणासन्न हार्ड डिस्कचा किंवा रॅमचा निघतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. फायली फायलींच्याच रूपात राहत असल्याने त्यांचा चेकसम केव्हाही पुन्हा काढता येतो. व्हेंटॉयच्या मूळ संहितेत आधीच तयार केलेल्या बायनरी फायली असल्याबद्दल आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते मी क्षुल्लक मानत नाही. ज्यांना ते खटकतात त्यांनी प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्र पेनड्राइव्ह ठेवावा.

सिक्युअर बूटबद्दल (मान्य स्वाक्षरीचीच प्रणाली सुरू होऊ देणारी संगणकातील सोय) आधीच विचारून घ्यावे. कालीची लाइव्ह प्रत चालवण्यासाठी ते बंद करावे लागते. परंतु ज्या लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू आहे त्यावर ते बंद केले, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती कोणाकडे आहे हे शाखेत सहसा कोणालाच माहीत नसते. ग्राहकाच्या संगणकावर लाइव्ह प्रणाली चालवण्यापेक्षा स्वतःचा जुना लॅपटॉप स्विचला जोडणे मला केव्हाही बरे वाटते.

आता घड्याळाविषयी, कारण याकडे हमखास दुर्लक्ष होते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजते. समजा पतसंस्थेत दुपारचे दोन वाजले आहेत आणि आपण त्यांच्याच संगणकावर लाइव्ह प्रणाली चालवून वाहतूक नोंदवली. ती फाइल घरी येऊन भारतीय वेळेत उघडली, की नोंदी संध्याकाळी साडेसातच्या दिसतात, आणि फायरवॉलच्या नोंदीशी काहीच जुळत नाही. याउलट लाइव्ह प्रणालीने इंटरनेटवरून वेळ जुळवून ती मदरबोर्डच्या घड्याळात लिहिली, तर विंडोज परत सुरू झाल्यावर साडेपाच तास मागे चालू लागते, आणि मग पिग्मीच्या नोंदींच्या वेळा चुकतात. तुमच्या सामाईक आयएसओमध्ये वेळेचा विभाग कोलकाता ठेवावा, मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेचे मानावे असे लिहून ठेवावे, आणि तपासणी सुरू करताना संगणकावरची व मोबाइलवरची वेळ शेजारी शेजारी नोंदवावी.

पेनड्राइव्ह स्वस्तातला असल्यास त्याची खरी क्षमता एफ-थ्री या साधनाने आधी तपासावी. ६४ जीबी छापलेला माल आत ८ जीबीचा निघाल्याची उदाहरणे बाजारात कमी नाहीत.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्रत काढण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे. पॅकेजांची यादी गिटमध्ये ठेवण्याचे काम एका सहकाऱ्याने घेतले आहे. दोन शंका उरतात. तपासणीत नोंदवलेली वाहतूक आणि अहवाल कुठे ठेवावेत? आणि असा संच केवळ जवळ बाळगणे किंवा दुसऱ्याला देणे यात कायद्याची काही अडचण येते का?

सातारी_लेखापरीक्षक

ही साधने उघडपणे उपलब्ध आहेत आणि नेटवर्क सांभाळणाऱ्याने ती बाळगण्यात गैर काहीच नाही. प्रश्न येतो तो परवानगीचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात वा नेटवर्कमध्ये प्रवेश करणे, माहिती उतरवून घेणे, तसेच अशा बेकायदा प्रवेशासाठी दुसऱ्याला साहाय्य करणे, हे सगळे येते. आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शाखाधिकाऱ्याने तोंडी ‘बघा जरा’ म्हणणे पुरेसे धरू नये. कोणत्या आयपी पट्ट्याची, कोणत्या तारखेला, कोणत्या साधनांनी आणि कोण तपासणी करणार, हे लिहिलेले व सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे. एखादा सहकारी मदतीला येणार असेल तर त्याचेही नाव त्याच पत्रात असावे, कारण तुमची परवानगी त्याला आपोआप लागू होत नाही. या पत्राचे कोरे प्रारूप आयएसओमध्येच ठेवावे, अशी माझी सूचना आहे.

यादी करताना हात आखडता घ्यावा. केबल, स्विच आणि डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) यांचे दोष शोधणाऱ्याला पासवर्ड फोडणाऱ्या साधनांची गरज नसते, आणि नसलेले साधन कोणाच्या हातून चुकून चालत नाही.

नोंदवलेली वाहतूक लाइव्ह पेनड्राइव्हवर मुळीच ठेवू नये. त्यासाठी लक्स या लिनक्सच्या पद्धतीने कूटबद्ध केलेला वेगळा पेनड्राइव्ह वापरावा, आणि काम संपल्यावर फायली संस्थेच्या स्वाधीन करून आपल्याकडील प्रत नष्ट केल्याचे लेखी द्यावे. तपासणीत खरोखर घुसखोरीच आढळली, तर सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. ती जबाबदारी संस्थेची असली, तरी घड्याळ सुरू झाले आहे हे त्यांना सांगणारे तुम्हीच असता.

पंचगंगाकाठ

पत्राचे प्रारूप तयार करतो आहोत. आता सर्वांकडचे जुने पेनड्राइव्ह गोळा केले आहेत. ते फॉरमॅट करून शाळेच्या कामाला दिले तर चालेल का?

सह्यकडा

फॉरमॅट करून देऊ नयेत. नेहमीचा फॉरमॅट फक्त फायलींची अनुक्रमणिका नवी करतो, मजकूर तिथेच राहतो, आणि फोटो परत मिळवणाऱ्या फुकटच्या साधनांनीही तो बाहेर काढता येतो. संपूर्ण पेनड्राइव्हवर एकदा यादृच्छिक माहिती लिहिली तर बहुतांश मजकूर जातो. परंतु फ्लॅश स्मृतीचा नियंत्रक झीज सारखी वाटण्यासाठी काही राखीव खंड मागे ठेवतो, आणि तिथपर्यंत आपले लेखन पोहोचेलच असे नाही. ज्यांवर पर्सिस्टन्स पहिल्यापासून कूटबद्ध होते, ते पूर्ण पुसून तुमच्याच गटात पुन्हा वापरता येतील. ज्यांवर पतसंस्थांची वाहतूक उघड्या रूपात साठवली गेली आहे, ते मोडून टाकावेत, आणि मोडताना यूएसबीचे धातूचे टोक नव्हे, तर आतील काळी मेमरी चिप फुटली आहे याची खात्री करून घ्यावी.