तपकिरी डाग दिसला की पाणी तोडा? आधी बोट लावून बघा

काटेकोर
कालची पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल: "कॅक्टसवर तपकिरी डाग म्हणजे पाणी जास्त झालं. महिनाभर पाणी बंद करा, डागावर दालचिनीची पूड दाबा, वरून कडुनिंबाचं तेल फवारा." खाली धन्यवादांची रांग लागलीय. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

डाग कुठे आहे, हाताला कसा लागतो आणि पसरतोय का, हे विचारल्याशिवाय उपाय सांगूच नये.

बुडापासून वर चढणारा, कडक, कोरडा, लाकडासारखा थर म्हणजे खोड जून होऊन साल धरतंय. त्याला काही करायचं नसतं. उन्हाकडच्या बाजूलाच, आधी पांढरट-पिवळट होऊन मग खाकी पडलेला चट्टा म्हणजे ऊन लागलंय. शेंड्याभोवती, कोवळ्या भागावर गंजासारखी बारीक खर म्हणजे बहुतेक वेळा लाल कोळी, रस शोषणारी बारीक कीड. आणि बोटाने दाबल्यावर आत जाणारा, कडेने पाणचट, रोज थोडा मोठा होणारा डाग, ती सड. पाण्याचा संशय घ्यायचा तो इथे.

माझा अकरा वर्षांचा गोल कॅक्टस याच सल्ल्याने गेला. शेंड्याजवळ खर दिसली, मी पाणी तोडून त्याला कोरड्या, गरम कोपऱ्यात ठेवला. कोळ्याला तेच हवं असतं. दीड महिन्यात वाढीचा शेंडाच करपला. मुळं काढून पाहिली तर पांढरी, निरोगी.

हिरवी_कुंडी
ती पोस्ट माझी आहे. तिथेच उत्तर द्यायचं होतं.

बावीस वर्षं कुंड्या सांभाळतेय. माझ्याकडे जेवढे कॅक्टस मेले ते पाण्यानेच मेले. नवशिक्याला चार प्रकारचे डाग ओळखायला सांगाल तर तो गोंधळून हात बांधून बसेल आणि तोवर रोप बसेल खाली. महिनाभर पाणी नसलं तर बहुतेक कॅक्टसांना काही होत नाही. सड मात्र आठवड्यात संपवते. म्हणून आधी पाणी तोडा, अभ्यास नंतर. यात चुकलं काय?

काटेकोर
पाणी तोडा एवढंच लिहिलं असतंत तर मी गप्प बसलो असतो. तेलाचं काय? तेल मारून कुंडी परत उन्हात ठेवली की दुसरा चट्टा तयार. निळसर झाक असलेल्या जातींवर जो मेणासारखा थर असतो तो तेलाने जातो, आणि त्या जागी पुन्हा धरत नाही. लोक तुमचं वाचून तेच करणार.

मुळापासून
दालचिनीबद्दल बोलतो. वरवरची जखम कोरडी राहायला ती चालते, गंधकाची भुकटी त्याहून बरी. पण सड आत शिरलेली असताना बाहेरून पूड लावणं म्हणजे भिंतीत ओल असताना रंग मारणं.

मागच्या वर्षी माझा उभा कॅक्टस बुडाशी मऊ लागला. सुरी स्पिरिटने पुसून आडवा काप घेतला. आतल्या गोल कड्यात नारिंगी-तपकिरी ठिपके. सुरी पुन्हा पुसली, बोटभर वर कापलं. तरी दोन ठिपके. पाचव्या कापाला गर नितळ, फिकट हिरवा आणि कडं स्वच्छ. मग तो तुकडा मातीशिवाय, सावलीत, हवेशीर जागी दोन आठवडे. कापलेली जागा चामड्यासारखी झाल्यावरच कोरड्या भरड मिश्रणावर ठेवला. मुळं धरली. चौथ्या कापाला थांबलो असतो तर ते दोन ठिपके वर चढले असते.

दुधाळ_अनुभव
कापा म्हणता, पण आधी रोप कोणतं ते विचारा! मीही असंच वाचून निवडुंग कापला. तीन धारा, जोडीजोडीने काटे, बुडाशी काळपट डाग. सुरी लावली आणि पांढरं दूध आलं. तोच हात डोळ्याला लागला. रात्रभर डोळा उघडता येईना, आग थांबेना. डॉक्टरांनी डोळा धुतला, पुढे पाच दिवस औषध. तो कॅक्टस नव्हताच, युफोर्बिया होता. सगळ्या काटेरी झाडांना निवडुंग म्हणायची ही सवय कधी सुटणार?

शब्दांचा_मळा
सवय का सोडायची? त्रिधारी निवडुंग हे त्या झाडाचं मराठी नावच आहे. फड्यालाही निवडुंगच म्हणतात, आणि तो खरा कॅक्टस. आपल्या भाषेने झाडं रूपावरून ओळखली, कुळावरून नाही. चूक निवडुंग शब्दाची नसून त्याचा अर्थ कॅक्टस असा लावणाऱ्यांची आहे.

दुधाळ_अनुभव
डोळा माझा गेला असता. शब्दाचं प्रेम मलाही आहे, पण कॅक्टसचं कूळ मूळचं अमेरिका खंडांतलं, युफोर्बियाचं निराळं. दोघांचा चीक निराळा, धोका निराळा. एकाच नावाने सल्ले फिरले की माणसं जखमी होतात. साधा नियम ठेवा: दूध आलं तर कॅक्टस नाही.

मुळापासून
हा नियम चुकीचा आहे. ममिलेरियाच्या बऱ्याच जातींना टोचलं तर पांढरा चीक येतो, आणि ते शंभर टक्के कॅक्टस. ओळख चिकावरून नाही, काट्याच्या बुडावरून करा. कॅक्टसचा काटा लोकरीसारख्या छोट्या गादीतून निघतो. युफोर्बियाला ती गादी नसते.

शब्दांचा_मळा
आणि "मूळचं अमेरिकेतलं" यालाही अपवाद आहे. रिप्सॅलिस नावाच्या कॅक्टसची एक जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत रानात आढळते.

दुधाळ_अनुभव
ममिलेरियाचं मान्य. माहीत नव्हतं. रिप्सॅलिसला काटेच नसल्यासारखे, तो आणून इथे काय सिद्ध केलंत कळलं नाही. माझं म्हणणं एवढंच की कापण्याआधी हातमोजे आणि चष्मा घाला, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

शब्दांचा_मळा
हातमोज्यांचं बरोबर. शब्दाचं नाही.

हिरवी_कुंडी
मूळ विषयावर याल का? माझ्यावर आरोप झालाय आणि तुम्ही चिकावर भांडताय.

दहावी_कुंडी
मी नवशिकी आहे, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यातली. पोस्ट वाचून काल पाणी तोडलं. हा धागा वाचून आज डाग दाबला. कडक आहे, पण बुडाशी नाही, मध्यावर, एकाच बाजूला. गेल्या महिन्यात कुंडी बदलली होती.

काटेकोर
कुंडी बदलताना रोप फिरलं असणार. सावलीकडची बाजू उन्हाकडे आली आणि भाजली. तो चट्टा परत हिरवा होणार नाही, पण वाढणारही नाही. पुढच्या वेळी कुंडीवर खडूने खूण करा आणि उन्हाकडची बाजू तीच ठेवा. खोलीतून बाहेर काढताना दोन-तीन आठवडे हळूहळू ऊन वाढवा. पाणी नेहमीसारखं द्या: भरपूर, तळातून निथळेपर्यंत, आणि माती पूर्ण वाळल्यावरच पुन्हा. रोपासोबत आलेली भुसभुशीत काळी माती अजून मुळांना चिकटलेली असेल तर मात्र काढा. ती आत ओल धरून ठेवते आणि वरून वाळलेली दिसते. सडीची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. एवढ्यापुरतं हिरवी_कुंडी यांचं म्हणणं मला मान्य आहे: सड सगळ्यात लवकर मारते, आणि संशय असेल तर पाणी थांबवणं चूक नाही.

हिरवी_कुंडी
"एवढ्यापुरतं." ठीक आहे. मग कोळी कसा ओळखायचा तेही सांगा. बावीस वर्षांत मला एकदाही दिसला नाही.

काटेकोर
नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण, अर्ध्या मिलिमीटरचा असतो. शेंड्याखाली पांढरा कागद धरा, रंगाच्या ब्रशने काट्यांवर टपटप मारा आणि मिनिटभर थांबा. धूळ जागेवर राहते. कोळी चालायला लागतो. त्यावरून बोट फिरवलं की तांबूस रेघ उमटते. सापडला तर रोप बाजूला काढा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, संध्याकाळी सावलीत कोळीनाशक मारा आणि आठवड्याने पुन्हा मारा, कारण अंडी पहिल्या फवारणीत वाचतात. साधं कीटकनाशक नको. कोळी कीटक नाही, आठ पायांचा आहे. त्या औषधाने त्याला खाणारे मरतात आणि तो राहतो.

हिरवी_कुंडी
शेंड्याजवळ खर असलेला एक माझ्याकडे आहे. पाणी जास्त झालं म्हणून गेले तीन आठवडे कोरडा ठेवलाय. आत्ता कागद धरून पाहिला.

चालताहेत. सात मोजले, मग मोजणं सोडलं.

पोस्टमधलं तेलाचं वाक्य काढतेय आणि "आधी दाबून बघा" घालतेय. पाण्याचं तसंच ठेवणार आहे.

काटेकोर
ठेवा. त्या कुंडीच्या शेजारच्या कुंड्याही आजच तपासा.