पाम स्प्रिंग्ज: खाली वाळवंट, वर बर्फ. तुमचे अनुभव लिहा

लॉस एंजेलिसहून आय-१० महामार्गाने पूर्वेला निघालं की दोनेक तासांत पवनचक्क्यांच्या रांगा लागतात आणि उजव्या हाताला सॅन जसिंटोचा पहाड एकदम अंगावर येतो. त्याच्या पायथ्याशी पाम स्प्रिंग्ज. जानेवारीतही दुपारी ७० फॅरनहाइटच्या आसपास तापमान, माणसं पोहण्याच्या तलावाकाठी पहुडलेली, आणि मान वर केली की पांढरंशुभ्र शिखर. ट्रॅममध्ये, म्हणजे तारेवरून चढणाऱ्या केबिनमध्ये, बसलं की दहाएक मिनिटांत २,६४३ फुटांवरून थेट ८,५१६ फुटांवर.

इकडे आलेल्या बहुतेक मराठी मंडळींची एकदा तरी वर फेरी झालेली असते, म्हणून हा धागा. कुठल्या महिन्यात गेलात, बर्फ होता का, सोबत कोण होतं, अंगावर काय होतं, सगळं लिहा. फक्त 'छान आहे, जरूर जा' नको. तेवढं माहितीपत्रकातही असतं.

*

आम्ही फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. खालच्या स्टेशनवरची रांगच बघण्यासारखी असते. एक जण अर्ध्या चड्डीत, त्याच्या मागचा गुडघ्यापर्यंत फुगीर कोटात, आणि दोघंही एकमेकांकडे कीव आल्यासारखे बघतायत. आमच्या आई साडीवर माझं जाकीट, पायात लोकरी मोजे आणि स्पोर्ट्स शूज अशा थाटात.

ट्रॅमची फरशी हळूहळू गोल फिरते. त्यामुळे खिडकीसाठी धक्काबुक्की करायची गरज नाही, जागेवर उभं राहिलं तरी दरी, कडा, वाळवंट सगळं आपोआप समोरून जातं. खरी मजा मनोऱ्यांवर. केबिन मनोरा ओलांडते, पुढे झुकते आणि झोका घेते. सगळी केबिन एका सुरात 'ओऽऽ' करते. असे पाच मनोरे. पहिल्याला आईंनी माझं मनगट धरलं ते थेट वर पोचल्यावर सोडलं. बाबा म्हणाले, "अगं, हात सोड तिचा, निळा पडला." तर म्हणाल्या, "तुम्हाला काय, तुम्ही डोळे मिटून उभे आहात."

वरच्या स्टेशनच्या मागच्या दारातून लाँग व्हॅलीत उतरणारी काँक्रीटची नागमोडी वाट आहे. खाली उतरून आईंनी पहिल्यांदा बर्फ हातात घेतला, मूठ आवळली, बोटांमधून पाणी ठिबकलं. म्हणाल्या, "लांबून कापूस वाटतो, हे तर खडेमीठ आहे." अगदी खरं. दिवसा वितळून रात्री गोठलेला बर्फ तसाच रवाळ होतो. सिनेमातल्यासारखा भुरभुरीत हवा असेल तर हिमवर्षाव झाल्यावर एक-दोन दिवसांत गाठावं.

बाबा बर्फात आलेच नाहीत. कॉफी घेऊन काचेपाशी बसले आणि खालचं कोचेला खोरं बघत राहिले: आखल्यासारखे सरळ रस्ते, तपकिरी वाळवंटात गोल्फच्या मैदानांचे हिरवे तुकडे, पार टोकाला सॉल्टन सी हे खारं सरोवर चमकत होतं. परतताना म्हणाले, "तुमचा बर्फ राहू दे, मी नकाशा बघितला." ज्यांना चालवत नाही त्यांनाही न्या, एवढ्यासाठी हे लिहिलं.

*

ट्रॅमच्या जन्माची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी, मी सांगतो.

१९३५ साली फ्रान्सिस क्रॉकर नावाचा एक तरुण विद्युत अभियंता जवळच्या बॅनिंग गावी आला होता. उकाड्याने हैराण. वर बर्फाच्छादित शिखर दिसलं आणि त्याच्या मनात आलं, तिथल्या गारव्यात जाता आलं तर! लोकांनी त्या कल्पनेचं नाव ठेवलं 'क्रॉकर्स फॉली', म्हणजे क्रॉकरचा खुळेपणा. मग दुसरं महायुद्ध, मग कोरियाचं युद्ध, काम पुढे ढकललं जात राहिलं. बांधकाम १९६१ मध्ये सुरू झालं आणि सप्टेंबर १९६३ मध्ये ट्रॅम लोकांसाठी खुली झाली.

ट्रॅम ज्या घळीतून चढते त्या चिनो कॅन्यनचे उभे सुळके बघताना प्रश्न पडतो, इथे सामान नेलं कसं? पाच मनोऱ्यांपैकी फक्त पहिल्यापर्यंत रस्ता आहे. बाकी चार मनोरे आणि वरचं अख्खं स्टेशन हेलिकॉप्टरने माणसं आणि साहित्य नेऊन उभं केलं. सुमारे २३,००० फेऱ्या झाल्या, त्याही साठच्या दशकातल्या हेलिकॉप्टरच्या. मला बर्फापेक्षा याचंच जास्त कौतुक आहे. आत्ताच्या फिरत्या, ८० माणसांच्या केबिन २००० सालच्या. दोन केबिन एकमेकींना तोलतात, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. बरोबर मध्यावर त्या एकमेकींना ओलांडतात. तो क्षण चुकवू नका, लोक हात हलवतात.

*

थोडक्यात: लांब सुट्टीच्या शनिवारी-रविवारी दुपारी पोचलात तर दिवस रांगेत जाईल. तिकीट आधीच काढा, सकाळची पहिली ट्रॅम धरा. कुत्रा घरी ठेवा, वर नेता येत नाही.

*

मी दर हिवाळ्यात चालायला जातो, म्हणून स्टेशनच्या पुढचं लिहितो. बहुतेक जण लाँग व्हॅलीत बर्फाचे गोळे फेकून परततात. अर्धा तास पुढे चाला, माणसांचा आवाज बंद होतो.

त्यासाठी लाँग व्हॅलीतल्या रेंजर स्टेशनवर परवाना भरावा लागतो. दिवसाभराच्या फेरीला तो फुकट असतो. राउंड व्हॅली तिथून सुमारे दोन मैल. शिखर वरच्या स्टेशनपासून साडेपाच मैल, उंची १०,८३४ फूट. शिखराच्या जरा खाली तीसच्या दशकात बांधलेली दगडी खोपी आहे. उन्हाळ्यात ही चढण दमवणारी, पण सरळ. हिवाळ्यात वाट अंगठाभरही दिसत नाही, पाट्या गाडल्या जातात. मऊ बर्फात स्नोशूज (पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) हवेत. पुरेसा बर्फ असेल तर ते वर भाड्याने मिळतात. पण ऊन पडून पुन्हा गोठलेल्या उतारावर स्नोशूज कामाचे नाहीत. तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना लावायचे धातूचे दात, आणि बर्फाची कुऱ्हाड लागते, ती वापरताही यावी लागते. या डोंगरावर हिवाळ्यात घसरून माणसं गेली आहेत. खाली लोक पोहतायत म्हणून वरचा डोंगर खेळण्यातला होत नाही. माझी हौस राउंड व्हॅलीपर्यंतच भागते.

एक गंमत करून बघा. जेफ्री पाइनच्या जाड सालीच्या भेगेत नाक खुपसा, ऊन पडलेल्या बाजूला. चक्क व्हॅनिलाचा वास येतो. बघणारे वेड्यात काढतात, मग हळूच स्वतः येऊन हुंगतात.

आणि शेवटची ट्रॅम किती वाजता सुटते ते वर पोचल्या पोचल्या विचारून घ्या.

*

मला फार काही वाटलं नाही, स्पष्टच लिहिते. डिसेंबरअखेर गेलो, बर्फाचं नाव नाही. सावलीत एक मळकट ढीग, त्यावर दहा-बारा पोरं तुटून पडलेली. चौघांच्या तिकिटांचे पैसे आठवले की अजून जिवावर येतं. झाडं आणि दगडच बघायचे तर खालच्या इंडियन कॅन्यन्समध्ये पाम वृक्षांची सुंदर राई आहे, ती मला जास्त आवडली.

*

वर ज्यांना बर्फ मिळाला नाही त्यांच्यासाठी: तारखेवरून इथला बर्फ ठरत नाही. पॅसिफिकवरून येणारं वादळ थंड असलं तर वर फूटभर साचतो. उबदार असलं तर त्या उंचीवरही पाऊसच, आणि तो असलेला बर्फही धुऊन नेतो. ट्रॅमच्या संकेतस्थळावर वरचा कॅमेरा थेट दिसतो. निघण्याच्या दिवशी सकाळी तो बघा आणि मगच मुलांना कबूल करा.

*

वयस्कर मंडळींना नेणाऱ्यांसाठी. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली. आधी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले जा, पण सावकाश. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटच असतो, आणि तिथवर आपण इतक्या झटपट पोचतो की शरीराला सवय व्हायला सवड मिळत नाही. पर्समधलं चिप्सचं पाकीट टम्म फुगलं, ते दाखवून मी नानांना समजावलं. लाँग व्हॅलीची वाट उतरताना काहीच वाटत नाही, चढताना तीच दुप्पट होते. आम्ही दर वळणावर थांबलो. नाना प्रत्येक थांब्याला "मी दमलो नाही, फोटो काढतोय" म्हणत होते. फोनमध्ये नंतर एकही फोटो सापडला नाही.

*

मी इथलाच, पाम स्प्रिंग्जच्या पूर्वेकडच्या पाम डेझर्टला राहतो. दोन गोष्टी पाहुण्यांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, डोंगर गावाच्या पश्चिमेला आहे. हिवाळ्यात पाम स्प्रिंग्जमध्ये ऊन फार लवकर संपतं, भर दुपार सरली की सूर्य कड्यामागे आणि गावावर सावली. आमच्याकडे तेव्हा लख्ख ऊन असतं. खालून फोटो काढायचे तर सकाळीच काढा, तेव्हा सगळा बर्फ उजळलेला असतो.

दुसरी, आम्ही इथले लोक खरं तर उन्हाळ्यात वर जातो. ५ जुलै २०२४ ला पाम स्प्रिंग्जने १२४ फॅरनहाइट गाठलं, म्हणजे ५१ सेल्सिअस. दाराची कडी उघड्या हाताने धरवत नव्हती. वर साधारण ३० ते ४० अंश फॅरनहाइटने कमी असतं. बर्फ नसतो, पण बाकावर बसून डबा खाता येतो आणि परत खाली यावंसं वाटत नाही.

वादळ मोठं असेल तर ट्रॅम चालू आहे का तेही बघून घ्या. १४ फेब्रुवारी २०१९ च्या पावसात ट्रॅमकडे जाणारा रस्ताच वाहून गेला होता आणि बरेच दिवस सगळं बंद होतं.

*

प्रश्न: पुढच्या महिन्यात भाड्याची गाडी घेऊन जातोय. बर्फासाठी चाकांना साखळ्या लागतील का?

*

नाही. गाडी खालच्या वाळवंटातच राहते, बर्फापर्यंत तुम्ही ट्रॅमने जाता. स्टेशनपर्यंतचा रस्ता मात्र सरळ उभा चढ आहे, गरमीच्या दिवसांत इंजिन तापतं; आम्ही एसी बंद करून चढतो. आणि डिकीत प्रत्येकासाठी कोरडे मोजे आणि चपला ठेवा. खाली उतरलात की ७० अंशांत ओले बूट घालून जेवायला जायचं असतं.