मदत हवी आहे: हिरड्यांच्या विकारावर रंग आणि प्रकाशाचा उपचार

सप्रेम नमस्कार. फोंड्याला राहणाऱ्या माझ्या आईला मधुमेह असून खालच्या दाढांभोवती हिरडी सुटून ६ मिलिमीटर खोल कप्पे झाले आहेत. सकाळी चूळ भरली की बेसिनमध्ये रक्ताची तार दिसते आणि पोई या पावाचा मऊ तुकडासुद्धा ती एकाच बाजूने चावते. खोलवर सफाई दोनदा झाली. आता दंतवैद्यांनी मिथिलीन ब्ल्यू हा रंग कप्प्यात सोडून त्यावर सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकण्याचा उपचार सुचवला आहे. जंतूंना चिकटलेला रंग प्रकाशाने चेतवला की प्राणवायूचे अतिक्रियाशील रूप तयार होते आणि ते तिथल्या तिथे जंतूंची आवरणे फोडते. प्रतिजैविकाचा मारा सगळ्या शरीरावर होत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. अर्थात हा उपचार सफाईला पूरक आहे, पर्याय नव्हे, हे ठाऊक आहे.

बांबोळीच्या दंत महाविद्यालयात किंवा मडगाव-पणजीकडे कोणी हा उपचार घेतला अथवा दिला असल्यास किती बैठका लागल्या, रक्त थांबले का आणि सहा महिन्यांनी कप्प्यांची खोली किती भरली, हे कृपया कळवावे. मधुमेही रुग्णांचा अनुभव आवर्जून लिहावा. आईची पुढची तपासणी गणेश चवथीनंतर लगेच आहे.