माकडांच्या पिंजऱ्यात कृमी पुन्हा पुन्हा का येतात?

प्रश्न (सोलापूर): आमच्याकडील माकडांना जंतनाशक देऊनही दोन महिन्यांत विष्ठेत चाबूककृमीची (आतड्यात राहणाऱ्या, चाबकाच्या आकाराच्या जंताची) अंडी पुन्हा दिसली. औषध बदलावे काय?

पहिले उत्तर: आधी जमीन पाहावी. दोन्ही टोकांना बूच असलेली ही अंडी ओलसर, सावलीच्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. त्यामुळे सोलापूरच्या कडक उन्हाळ्यात माकडांसाठी आपण मायेने थंड ठेवलेला हौदाजवळचा कोपराच या अंड्यांचे आश्रयस्थान ठरतो. वरची माती काढावी, खाद्य जमिनीवर टाकू नये.

दुसरे उत्तर: फेनबेंडाझोल या जंतनाशकाची एकच मात्रा चाबूककृमीला सहसा पुरत नाही, ते सलग काही दिवस द्यावे लागते; मात्रा मात्र पशुवैद्यकांनीच ठरवावी. सफाई करणाऱ्यांना हातमोजे अवश्य द्या.

प्रश्नकर्ता: हौदाजवळची माती उद्याच काढतो.