८८ पर्सेंटाईल आणि मॅनेजमेंट कोटा

दादा, मुलीला सीईटीत ८८ पर्सेंटाईल, तर कर्ज काढून मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यावा का, असं विचारलंत. नका घेऊ. त्या सीटवर सरकारी फी सवलत लागू होत नाही. कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून गेलात अन् उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची ट्यूशन फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. नागपूरचं व्हीएनआयटी हे केंद्राचं कॉलेज जेईईवर भरतं, सीईटीवर नाही, ते सोडा. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमात, नागपूरचं शासकीय अभियांत्रिकी वर ठेवा, खाली आयटी शाखाही भरा. माझ्या भाच्यानं आयटीच केलं, घरून हिंगणा रोडनं जाऊन-येऊन. होस्टेलच्या वाचलेल्या पैशात सेकंडहँड लॅपटॉप आला, बिजागरी तुटकी, पण कोड चालायचा! उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच काढा, सेतूत ऐनवेळी मोठी रांग असते.