पावसात राकसकोपच्या वाटेवर दिसलेला तांबूस पक्षी: वंचक की सिनॅमन बिटर्न? ओळख पटवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बेळगावहून बेळगुंदीमार्गे राकसकोप जलाशयाकडे जाताना, रोप लावणी नुकतीच आटोपलेल्या एका भातखाचराच्या कडेला परवा एक पक्षी दिसला. त्याची ओळख अनुभवी निरीक्षकांकडून तपासून घ्यावी, यासाठी हा धागा काढत आहे.

पाऊस संततधार होता आणि उजेड अगदीच मंद. बांधालगतच्या लव्हाळ्यात हा पक्षी मान ताणून, चोच आभाळाकडे करून निश्चल उभा होता. आकाराने तो वंचकाएवढा (पाँड हेरॉन, छोटा मातकट बगळा) किंवा किंचित लहान असावा. पाठ एकसारखी तांबूस होती. या दिवसांत वंचकाची पाठही विणीच्या पिसाऱ्यामुळे गडद किरमिजी होते, त्यामुळे प्रथम मी त्याला वंचकच समजणार होतो. परंतु तो उडाला तेव्हा पंख पांढरे दिसले नाहीत. वंचक बसलेला असताना कितीही मातकट वा तांबडा वाटला, तरी उडताच त्याचे पांढरेशुभ्र पंख उघड होतात. पावसाने भिजून पिसांचा रंग गडद होतो हे मान्य, पण पांढरा पंख भिजला म्हणून तांबडा होत नाही.

उरतात दोन शक्यता: यलो बिटर्न आणि सिनॅमन बिटर्न, दोघेही बगळ्यांच्याच कुळातले, लव्हाळ्यात दडून राहणारे छोटे पक्षी. यलो बिटर्नच्या पंखांची उड्डाणपिसे काळी असतात आणि बाकीच्या फिकट पंखावर ती ठळक उठून दिसतात. मला तसा काळा भाग दिसला नाही. संपूर्ण पंख पाठीच्याच रंगाचा वाटला, म्हणून माझा कल सिनॅमन बिटर्नकडे आहे. उड्डाण मात्र जेमतेम पलीकडच्या बांधापर्यंतचे होते, आणि दुर्बिणीच्या काचांवर धुके धरले होते. मोबाईलवर घेतलेल्या छायाचित्रात तांबड्या ठिपक्यापलीकडे काही नाही.

माझा मुख्य प्रश्न असा: अशा अंधूक प्रकाशात यलो बिटर्नची काळी पिसे नजरेतून सुटू शकतात का, की ती न दिसणे हाच पुरेसा पुरावा मानावा? तसेच सिनॅमन बिटर्नच्या नराची पाठ साधी आणि मादीची गडद, ठिपकेदार असते असे वाचले आहे. भर पावसात हा फरक कोणी प्रत्यक्ष पाहिला आहे का?

दुसरा प्रश्न पुन्हा तेथे जाण्याविषयीचा आहे. हा विणीचा हंगाम असल्याने लव्हाळ्यात घरटे असण्याची शक्यता आहे. रस्त्यावरूनच, गाडीत बसून थांबावे असा माझा विचार आहे, कारण बांधावर उतरल्यास पक्षीही बिथरेल आणि शेतकऱ्याचे ताजे रोपही तुडवले जाईल. आपल्याकडे पक्षीनिरीक्षण म्हटले की हिवाळा आणि घटप्रभेवरचे क्रौंच एवढेच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे पावसाळी भातशिवारात नेमके कोणत्या वेळी थांबावे हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. पहाट बरी, की पावसाने उघडीप दिल्यानंतरचा वेळ?

दुर्बीण जलरोधक नाही. बाहेरचे धुके कापडाने पुसता येते, पण आतल्या काचेवर धरलेल्या ओलाव्याचे काय करावे? घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवणे पुरेसे होईल का?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद अद्याप केलेली नाही. प्रजातीचे नाव टाकावे की केवळ ‘बिटर्न’ एवढ्यावरच थांबावे, हे आपल्या उत्तरांवरून ठरवीन.