शनिवारचा मराठी वर्ग : पट 19, लागतात 23

प्रेषक : वर्गाची समन्वयक, मिसिसागा, कॅनडा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून आपल्या पब्लिक स्कूल बोर्डात, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, शनिवारी मराठीचा वर्ग सुरू व्हावा म्हणून जी यादी चालू आहे, तिच्यात काल रात्रीपर्यंत 19 मुलांची नावं आली. आपल्या ऑन्टारिओ प्रांतातला नियम असा, की 23 किंवा त्याहून जास्त मुलांच्या पालकांनी मागणी केली तर बोर्डाला त्या भाषेचा वर्ग द्यावाच लागतो. हा हक्क आयता मिळालेला नाही. 1977 साली हा उपक्रम ‘हेरिटेज लँग्वेजेस’ या नावाने सुरू झाला तेव्हा सगळं बोर्डाच्या मर्जीवर होतं. टोरोंटोतल्या इटालियन आणि इतर स्थलांतरित कुटुंबांनी तो वर्षानुवर्षं लावून धरला, आणि 1989 साली तो बोर्डांना बंधनकारक झाला. ज्युनियर किंडरगार्टनपासून आठवीपर्यंतच्या मुलांसाठी, आठवड्याला जास्तीत जास्त अडीच तास. शिकवणारी व्यक्ती बोर्डाच्या पगारावर असते.

म्हणजे चार नावं हवी आहेत. पण मला जास्त काळजी वेगळीच आहे. या 19 जणांत पाचवीच्या पुढची मुलं फक्त दोन. मोठी मुलं गेली कुठे?

– समन्वयक

प्रेषक : एक पालक, कॅलेडन

ताई, नमस्कार.

माझ्या घरचं सांगते. मोठा सहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला एका वर्गात घातलं होतं, तिथे चार-पाच वर्षांच्या मुलांशेजारी बसून तो कमळातला ‘क’ गिरवायचा. तिसऱ्या शनिवारनंतर गेलाच नाही, आणि मीही जोर केला नाही. इथे चौथीपासून फ्रेंच सक्तीचं, शनिवारी सकाळी पोहणं. मराठीसाठी त्याने आणखी काय सोडायचं, हे मला त्याला समजावता आलं नाही.

धाकटी तिसरीत आहे. तिचं नाव मी दिलेलं नाही, कारण नवरा गुजराती, घरात इंग्रजीच चालतं. तिला ‘ये’, ‘जेव’, ‘झोप’ एवढंच कळतं. अशी मुलगी चालेल का?

आणि एक सुचवते. चारच नावं कमी असतील तर ओळखीतल्यांची घालू या. नंतर ती मुलं आली नाहीत तरी वर्ग तर सुरू होईल.

– कॅलेडनहून

प्रेषक : एक निवृत्त शिक्षक, सध्या मुलाकडे ब्रॅम्प्टनला

कॅलेडनच्या ताईंस,

ताई, ते तेवढं करू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलं. ऑक्टोबर 2011 मध्ये महाराष्ट्रात सगळ्या शाळांची पटपडताळणी झाली. तीन दिवस माणसं वर्गावर्गांतून फिरली, एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटाला शाई लावली. हजेरीपुस्तकातली किती नावं नुसती कागदावर होती ते त्या तीन दिवसांत उघडं पडलं. ज्या शाळा खऱ्या चालत होत्या त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. ते मी सोसलं आहे. इथेही सप्टेंबरात 23 नावं आणि ऑक्टोबरात बाकावर 14 पोरं दिसली, तर पुढच्या वर्षी आपल्या मागणीला वजन राहणार नाही.

आम्ही पट कसा वाढवायचो ते सांगतो. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत दारोदार हिंडायचो. कोणत्या घरात दाखलपात्र मूल आहे ते दुकानदाराला, अंगणवाडीताईला विचारायचो. बोलावणं धाडून कोणी येत नाही, उंबऱ्यावर जावं लागतं. मी रोज संध्याकाळी इथल्या बागेत बसतो. तिथे इंदूरचे एक आजोबा भेटतात, बडोद्याच्या एक आजी, आणि बेळगावचं एक जोडपं. सगळ्यांच्या घरी मराठी बोलतात, नातवंडं शाळेत जातात, पण इथल्या मराठी मंडळाच्या यादीत यांच्यापैकी एकही नाही. आपलं मंडळ पुण्यामुंबईचं आहे, असं त्यांना वाटतं. मराठी कुटुंब म्हटलं की आपल्यालाही हे आठवत नाहीत, हे मला खटकतं.

– ब्रॅम्प्टनहून

प्रेषक : वर्गाची समन्वयक

सर, पोटतिडकीने लिहिलंत. खोटी नावं नाहीत, हे ठरलं.

कॅलेडनच्या ताई, धाकटीचं नाव आजच द्या. हा वर्ग सार्वजनिक आहे. वडील कोणत्या भाषेचे, घरात काय बोलतात, अशी अट नाही. मराठीचा गंधही नसलेलं मूलसुद्धा येऊ शकतं. उलट तिच्यासारख्या मुलांसाठी पहिले दोन महिने निव्वळ बोलण्याचे ठेवावेत असं मला वाटतं, अक्षरं नंतर. आणि तुमच्या मोठ्याचं ऐकून मागणीपत्रात एक ओळ घालते आहे : पाचवी ते आठवीचा वेगळा गट हवा. मराठी कच्चं म्हणून बारा वर्षांच्या मुलाला बालवाडीत बसवायचं नाही.

सगळ्यांना आणखी एक विनंती. शाळेत दाखल करताना मुलाची पहिली भाषा विचारतात, तिथे आपल्यातले कितीतरी जण ‘इंग्रजी’ लिहितात. मूल ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्यांच्या वर्गात, टाकतील ही भीती मी समजू शकते, मीही तसंच लिहिलं होतं. पण इंग्रजी किती येतं ते शाळा वेगळं तपासते. आपण तिथे मराठी लिहिलं नाही, तर बोर्डाच्या नोंदीत आपली मुलं मराठी नसतातच. जनगणनेच्या फॉर्मवरही तेच.

सर, येत्या रविवारी दुपारी चारला मी बागेत येते. आधी बेळगावच्या जोडप्याकडे जाऊ, मग इंदूरच्या आजोबांकडे. मराठीतला छोटा कागद छापून आणते, इंग्रजी फॉर्म तिथेच बसून भरू.

धाकटीला धरून यादी 20 झाली. मोठ्याचं नाव मात्र मी लिहिलेलं नाही. वेगळ्या गटाबद्दल त्याला सांगा, आणि तो स्वतः हो म्हणाला तरच कळवा.

– समन्वयक